नाव सर्वांत शेवटी

जुन्या वस्तूंच्या बाजारात पोलिश काच हल्ली नावानिशी येते. जाड बुडाची, धुरकट रंगाची फुलदाणी असली की चिठ्ठीवर ‘होर्बोवी’ लिहिलेले असते. अंगभर उठावाची नक्षी असलेला, साच्यात दाबलेला कटोरा असला की ‘द्रोस्त’. रंग काचेच्या पोटात गोठून राहिल्यासारखा दिसला की ‘क्रोस्नो’, आणि विक्रेता जास्त धीट असला तर थेट ‘मुरानो’. यांतली काही नावे बरोबर असतात, पण ती कशावरून बरोबर आहेत हे चिठ्ठीवर नसते. ग्राहक नावासाठी पैसे मोजतो आणि नावाचा पुरावा मात्र मागत नाही. पोलिश शोभेची काच ओळखताना आणि तिची किंमत ठरवताना नाव सर्वांत शेवटी यावे, असे माझे ठाम मत आहे. वस्तू कशी घडली हे आधी ठरवावे, मग ती कोणत्या कारखान्यात घडू शकली असती हे पाहावे, आणि आराखडा कोणाचा हा प्रश्न त्यानंतरच काढावा. दामही याच क्रमाने चढावा. जेवढी खात्री, तेवढीच रक्कम.

इतर देशांच्या काचेपेक्षा पोलंडच्या काचेबाबत ही शिस्त जास्त लागते, कारण तिथल्या कारखान्यांनी देश, मालक आणि नाव हे तिन्ही बदललेले आहे. नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ सायलेशियातले श्क्लार्स्का पोरेंबा हे गाव 1945 पर्यंत जर्मनीत होते आणि त्याचे नाव श्रायबरहाऊ होते. तिथे शाफगोट्श या जमीनदार घराण्याच्या जंगलात 1842 मध्ये योसेफिनेनहुटे हा काचकारखाना उभा राहिला. शेजारच्या प्येहोवित्सेत 1866 मध्ये फ्रिट्स हेकर्ट याने आपला कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकली, जर्मन वस्ती हुसकावली गेली, पोलिश कामगार आले. भट्ट्या त्याच राहिल्या, साचे आणि नमुनेही बरेचसे मागे राहिले. योसेफिनेनहुटेला आधी ‘युझेफिना’ आणि पुढे ‘यूलिया’ हे नाव मिळाले. पूर्वेकडे याच्या उलटे घडले. दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमधल्या मोठ्या काचकारखान्यांत गणला जाणारा, स्तोले घराण्याचा ‘न्येमेन’ कारखाना आज बेलारूसमध्ये आहे. म्हणजे 1930 मध्ये श्क्लार्स्का पोरेंबात झालेला पेला जर्मन, आणि त्याच वर्षी न्येमेनमध्ये झालेला पेला पोलिश; आजचा नकाशा समोर ठेवला तर दोन्ही उत्तरे चुकतात. भरीस भर म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेकडच्या क्रोस्नो शहरात, अलीकडच्या काळात ‘युझेफिना’ याच नावाचा वेगळा कारखाना सुरू झाला. त्याच्या फुलदाण्या ‘1842 पासूनची परंपरा’ म्हणून विकल्या जातात तेव्हा दोन असंबद्ध कारखान्यांची गाठ फक्त एका नावाने मारलेली असते.

युद्धानंतरच्या राजवटीत कारखाने सरकारी झाले. वांदा तेलाकोव्स्का यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये वॉर्सात औद्योगिक आरेखन संस्था स्थापन झाली, आणि कला महाविद्यालयांत शिकलेले आरेखक कारखान्यांत नोकरीला लागू लागले. पोलिश काचेचा सर्वांत सुंदर काळ हाच आहे. परंतु माल परदेशी जायचा तो ‘मिनेक्स’ या सरकारी निर्यात कंपनीमार्फत. वस्तूवर फार तर कागदाची किंवा चमचमत्या वर्खाची चिकटपट्टी असे, तिच्यावर पोलंडचे नाव असे, क्वचित कारखान्याचे. आरेखकाचे नाव लिहिण्याची पद्धत नव्हती. पहिल्याच धुण्यात पट्टी निघून गेली की वस्तू निनावी होई. आज बाजार जी नावे भरतो ती या रिकाम्या जागेत.

तेव्हा पहिला साक्षीदार काच स्वतः. साच्यात दाबलेली काच आणि फुंकलेली काच यांतला फरक डोळ्यांआधी बोटाला कळतो. दाबकामात वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात सोडतात आणि वरून दट्ट्या दाबतात. नक्षी साचा उठवतो, आतली बाजू दट्ट्या घडवतो. त्यामुळे बाहेर कितीही उंचसखल नक्षी असली तरी आत बोट फिरवले तर पृष्ठभाग सपाट लागतो. दट्ट्या पुन्हा वर काढायचा असतो, म्हणून भांड्याची पोकळी तोंडाकडे रुंदावत जाते किंवा निदान सरळ राहते. तोंडाशी आवळलेली, पोटात फुगलेली फुलदाणी नुसत्या दाबाने होऊच शकत नाही. तोंड मागाहून गरम करून वळवलेले असेल तर तशा खुणा शोधाव्या लागतात. याउलट साच्यात फुंकलेल्या काचेत बाहेरचा उठाव आतून खोलगट लागतो, कारण हवेने काच साच्याच्या प्रत्येक खळग्यात ढकललेली असते. आता तळ उजेडात तिरपा धरावा. गोळा कात्रीने तोडताना काचेवर एक बारीक सुरकुती पडते. ती दाबकामाच्या तळाशी कित्येकदा तशीच राहते, आणि नवखा माणूस तिला तडा समजून वस्तू खाली ठेवतो. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे शिवण दिसते. कुशल आरेखक ती नक्षीच्या कडेत लपवतो.

ही शेवटची गोष्ट झोंब्कोवित्सेच्या कारखान्यात पाहण्यासारखी आहे. 1884 मध्ये सुरू झालेला हा कारखाना आजच्या दोंब्रोवा गूर्निचा शहराच्या हद्दीत येतो. यान सिल्वेस्टर द्रोस्त आणि त्यांची पत्नी एरिका त्शेविक-द्रोस्त ही व्रोत्स्वाफला शिकलेली जोडी तिथे दीर्घकाळ काम करत होती. दाबलेली काच तोवर महाग क्रिस्टलची स्वस्त नक्कल करण्यात धन्यता मानत होती. या दोघांनी तिला तिचे स्वतःचे रूप दिले. साच्यालाच जमेल, चाकावर कापून कधीच साधणार नाही अशी नक्षी त्यांनी रेखाटली. ‘आस्तेरोइड’, ‘द्यात्रेत’, ‘रादियांत’ या त्यांच्या मालिका आज संग्राहक शोधत असतात. पण उठावदार, खडबडीत दाबकाम त्याच सुमारास शेजारच्या चेकोस्लोव्हाकियातही जोरात होते. 1965 मध्ये तिथले अनेक कारखाने ‘स्क्लो युनियन’ या छत्राखाली आले, आणि पश्चिमेकडच्या संग्राहकांनी त्यांचा अभ्यास आधी केला. परिणामी झोंब्कोवित्सेचे कित्येक कटोरे वर्षानुवर्षे चेक म्हणून विकले गेले. आता वारा फिरला आहे, आणि चेक किंवा जर्मन माल द्रोस्त म्हणून खपवला जातो. पद्धत एकच असल्यामुळे घडणीवरून इथे निकाल लागत नाही. घडण आपल्याला ‘दाबकाम, मध्य युरोप’ इथवर आणते, आणि पुढे नक्षीचा प्रत्येक तपशील कारखान्याच्या यादीशी ताडावा लागतो.

फुंकलेल्या रंगीत काचेत प्रश्न वेगळा आहे. झ्बिग्न्येफ होर्बोवी (1935–2019) यांनी श्चित्ना येथील ‘सुदेती’ आणि पोलानित्सा येथील ‘बार्बारा’ या कारखान्यांसाठी केलेल्या फुलदाण्या एकरंगी, साध्या बाह्यरेषेच्या आणि जड बुडाच्या आहेत. रंग शांत, धुरकट, कुठे तपकिरी तर कुठे जांभळट. हे ऐकून ज्याला डेन्मार्क-स्वीडनची काच आठवेल त्याचे काही चुकत नाही, कारण ती आवड त्या काळात सगळ्या युरोपात पसरली होती. म्हणूनच नुसता रंग आणि आकार पुरेसा नाही. हाती फुंकलेल्या वस्तूत भिंतीची जाडी थोडी कमीजास्त होते, उंचीत काही मिलिमीटरचा फरक पडतो, तोंडाची कडा कापून घासलेली आहे की आचेवर गुळगुळीत केली आहे यावरून कारखान्याची सवय कळते. एकाच कारखान्याच्या खात्रीच्या पाच-सहा वस्तू हाताळल्यावर या सवयी लक्षात राहतात. क्रोस्नोच्या आदाम याब्वोन्स्की यांच्या काचेतही हीच कसोटी लागते. पारदर्शक काचेत गुंडाळलेला रंग पाहून लोक मुरानो म्हणतात, परंतु काचेत काच गुंडाळणे ही काही एकट्या व्हेनिसची मिरास नाही.

क्रिस्टल म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला मात्र एक कसोटी अशी लावता येते, जिच्यात कोणाच्या मताचा प्रश्न नाही. युरोपीय आर्थिक समुदायाच्या 1969 च्या निर्देशानुसार शिशाच्या क्रिस्टलमध्ये निदान 24 टक्के शिशाचे ऑक्साइड आणि निदान 2.90 घनता हवी. नेहमीची काच 2.5 च्या आसपास असते. समजा, एक भरीव कटोरा कोरडा तोलला आणि 1450 ग्रॅम भरला. मग तो बारीक दोऱ्याने काट्याला टांगून बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला टेकू दिला नाही, नक्षीत अडकलेले हवेचे बुडबुडे ब्रशने झटकले, आणि वजन 950 ग्रॅम आले. तूट 500 ग्रॅमची. 1450 ला 500 ने भागले की 2.90. हाच कटोरा साध्या काचेचा असता तर कोरडे वजन 1250 च्या जवळपास भरले असते. टिचकी मारून नाद ऐकण्यापेक्षा ही परीक्षा किती तरी भरवशाची, कारण नाद भांड्याच्या आकारावर आणि जाडीवरही अवलंबून असतो. मग कापाच्या कडेवरून नख फिरवावे. चाकावर कापलेल्या नक्षीची धार बोचते, दाबलेली नक्षी किंचित गोलसर लागते. पण या परीक्षेची मर्यादाही ध्यानात ठेवावी. शिशाचे क्रिस्टल इनोव्रोत्स्वाफच्या ‘इरेना’त होत होते, स्त्रोन्ये श्लोंस्केच्या ‘व्हियोलेता’त होत होते, झाव्हेर्चेत आणि ‘यूलिया’तही होत होते. 2.90 हा आकडा पदार्थ सांगतो, कारखाना सांगत नाही. अतिनील दिव्याचेही तसेच. युरेनियम घातलेली काच त्याखाली झगझगीत हिरवी पेटते, मँगेनीज असलेली मंद हिरवट दिसते. नवख्या खरेदीदाराला हे झगमगणे एवढे भुलवते की तो त्यावरून काळ आणि कारखाना दोन्ही ठरवून मोकळा होतो. वास्तविक अनेक देशांतल्या काचेत हे पदार्थ सापडतात.

इथे कोणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, मुरलेल्या माणसाला एका नजरेत कळते. मुरलेली नजर ही मोठी गोष्ट आहे हे मला मान्य आहे. पण ती कशावर मुरली, हे विचारायला हवे. जिने संग्रहालयातली, नोंद असलेली काच पाहिली त्या नजरेवर भरवसा ठेवावा. येलेन्या गूरा येथील कार्कोनोशे संग्रहालय, व्रोत्स्वाफचे राष्ट्रीय संग्रहालय, क्रोस्नोचे 2012 मध्ये उघडलेले काचवारसा केंद्र ही अशी नजर तयार होण्याची ठिकाणे आहेत. जी नजर विक्रीच्या छायाचित्रांवर पोसली गेली, ती मात्र दुसऱ्यांचे अंदाजच पाठ करते. एकाने अंदाजाने नाव लिहिले, दुसऱ्याने ते पाहून आपल्या वस्तूला लावले, तिसऱ्याला दोन दाखले मिळाले. दाखल्यांची संख्या वाढत गेली आणि पुरावा होता तिथेच राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारखान्यांच्या आणि मिनेक्सच्या छापील याद्या उपलब्ध होत आहेत, मग चित्र जुळले की प्रश्न मिटला, असे म्हटले जाते. यादी हा माझ्या मते सर्वांत चांगला पुरावा आहे, यात शंका नाही. परंतु तिच्याकडून तिला ठाऊक आहे तेवढेच वदवून घ्यावे. अमुक वर्षी अमुक नमुना विक्रीस होता, एवढे ती सांगते. आपल्या हातातली वस्तू त्या वर्षीच झाली असे ती सांगत नाही, कारण चांगला खपणारा साचा वर्षानुवर्षे चालतो. आरेखकाचे नाव यादीत असेलच असे नाही. आणि मापे ताडल्याशिवाय चित्राची जुळणी कच्चीच राहते. दाबकामाची उंची साच्याने ठरते, म्हणून यादीपेक्षा कटोरा चार-पाच मिलिमीटरने बुटका भरला तर एक तर नमुना वेगळा आहे, नाही तर तोंडाचा टवका उडाला होता आणि कोणीतरी कडा घासून तो बेपत्ता केला आहे. घासलेल्या कडेवर नक्षी अचानक तुटल्यासारखी संपते आणि कडेची मूळची गोलाई गेलेली असते. चिकटपट्टीची गोष्ट याहून सोपी आहे. पट्टी कागदाची असो वा वर्खाची, ती एका वस्तूवरून दुसरीवर जाऊ शकते. पट्टीखालची आणि भोवतालची काच सारखीच मळलेली, ओरखडलेली आहे का, एवढे तरी पाहावे.

किमतीचा प्रश्न आला की सर्वांत जुना आक्षेप पुढे येतो. हजारोंनी निघालेल्या, घरोघरी वापरलेल्या काचेला मोल कसले? यात दुर्मीळतेलाच मोल समजण्याची गफलत आहे. द्रोस्त पती-पत्नीने मुद्दाम यंत्रासाठी रेखाटले, स्वस्त वस्तू देखणी असावी म्हणून रेखाटले. त्यांचा कटोरा पुष्कळांच्या घरी होता, हे त्यांच्या कामाचे यश आहे. एकेकट्या कलाकृतीचा न्याय त्याला लावला तर तो नेहमीच हलका ठरणार. हेन्रिक आल्बिन तोमाशेव्स्की (1906–1993) यांनी भट्टीपाशी तापलेल्या काचेला हाताने आकार देऊन केलेली शिल्पे एकेकच आहेत. तिथे सही, मालकीचा इतिहास, प्रदर्शनाची नोंद यांना वजन द्यावे. साच्यातल्या मालिकेत वजन द्यायचे ते नमुन्याच्या खात्रीला, रंगाला, मोठ्या किंवा कमी निघालेल्या आकाराला, संच पुरा आहे की नाही याला, आणि सगळ्यांहून जास्त वस्तूच्या अवस्थेला. जी वस्तू पुष्कळ निघाली तिच्यातली धड राहिलेली शोधणे शक्य असते, म्हणून टवका उडालेल्या प्रतीला सवलत देण्याचे कारण नाही.

अवस्था तपासताना एका लबाडीपासून सावध राहावे. फुलदाणीत पाणी फार दिवस राहिले की काचेतले क्षार झिरपून पृष्ठभाग खातात आणि आत दुधाळ झाक येते. ती घाण नसते, घासून जात नाही. ओली असताना ती दिसेनाशी होते, म्हणून काही विक्रेते आतून तेलाचा हात फिरवतात. फुलदाणी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करून पुन्हा उजेडात धरली की झाक परत येते. तळावरचे ओरखडेही बोलतात. वर्षानुवर्षे टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या बुडावर ते वेगवेगळ्या दिशांना, कमीजास्त खोल असतात. एकाच दिशेचे, सारख्या खोलीचे ओरखडे वय दाखवण्यासाठी मुद्दाम पाडलेले असण्याचा संभव मोठा.

शेवटी व्यवहारी माणसाचा मुद्दा उरतो, की किंमत म्हणजे बाजार देईल ती रक्कम, बाकी पांडित्य. मात्र बाजार देतो कशासाठी, हेही बघायला हवे. पोलिश आरेखनाकडे लक्ष वेधणारे 1955 ते 1968 या काळावरचे मोठे प्रदर्शन वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2011 मध्ये भरले, आणि त्या सुमारास लिलावगृहांतही ही काच दिसू लागली. लोक तिथे आरेखकाच्या नावासाठी बोली लावतात, म्हणजे एका विधानासाठी पैसे देतात. विधान खोटे ठरले की रक्कमही बुडते. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत अंतर असते, लिलावाच्या आकड्यावर खरेदीदाराचा अधिभार चढलेला असू शकतो, आणि एका उंच आकड्यावरून सगळ्या मालिकेचा भाव ठरवणे हा तर सरळ उतावीळपणा आहे. त्यापेक्षा वस्तूच्या नोंदीतच खात्रीची पायरी लिहावी. यादीशी चित्र आणि मापे जुळली, आराखड्याची नोंद सापडली, तर ‘यान द्रोस्त, झोंब्कोवित्से’. कारखाना पक्का, आराखडा अनिश्चित, तर ‘झोंब्कोवित्से’. नमुना सापडलाच नाही, तर ‘दाबलेली काच, मध्य युरोप, 1970 च्या आसपास’. शेवटच्या पायरीवरची वस्तू देखणी असेल तर जरूर घ्यावी, मात्र तिसऱ्या पायरीच्या दामाने घ्यावी. अशाने बरीचशी काच निनावी राहील अशी तक्रार संग्राहक करतात, आणि ती खरी आहे. पण नोंदीत उंची, वजन, तोंडाची आणि तळाची रुंदी, शिवणींची संख्या आणि तळाचे छायाचित्र असेल तर उद्या एखादी विसरलेली यादी उजेडात आल्यावर त्या वस्तूला तिचे नाव लावता येईल. चुकीचे नाव चिकटवून बंद केलेली नोंद मात्र पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.